नाणं वाटीत, तांबं पाण्यात

काष्टीत शनिवार उजाडतो तो बाजार घेऊनच. बैलांच्या गळ्यातली घुंगरं, शेळ्यांची बेंबें, भाजीच्या ढिगावरची घासाघीस. संध्याकाळी दादा घरी येऊन खिसे रिकामे करतो आणि ओट्यावर चिल्लरीचा सडा पडतो. या उन्हाळ्यात मी माहेरी होते. भाचीनं त्या सड्याशेजारी आईचा जुना पत्र्याचा डबा उपडा केला. भोकाचा पैसा, नया पैसा, ॲल्युमिनियमचे दहा पैसे, गेंड्याचं चित्र असलेले स्टीलचे चार आणे आणि तळाशी कापडात गुंडाळलेला एक राणीछाप रुपया.

“आत्या, सगळी एकाच डब्यात होती ना गं? मग एक काळं, एक हिरवं आणि एक अजून नवं कोरं कसं?”

आई भाकरी थापता थापता म्हणाली, “पितळेत ताक कळकतं, स्टीलमध्ये नाही कळकत. तसंच आहे ते.”

झालं! दुसऱ्या दिवशी ओट्याच्या कोपऱ्यात काचेच्या आठ वाट्या मांडल्या गेल्या. लिंबाचा रस, चिंचेचा कोळ, ताक, व्हिनेगर, कोला, मिठाचं पाणी, धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि साखरेचं पाणी. नववी वाटी कोरडी, तुलनेसाठी. आठवडाभर रोज सकाळी वाट्यांची पाहणी झाली. त्यातून निघालेल्या या गोष्टी, एकापाठोपाठ एक.

१. आधी कायदा, मग लिंबू

चालू नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा नाणे अधिनियम २०११ नुसार गुन्हा आहे आणि त्याला ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून प्रयोगाला घ्यायची ती चलनातून बाद झालेली नाणी. पंचवीस पैसे आणि त्याहून लहान नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली. जवळजवळ प्रत्येक घरात देव्हाऱ्यात, शिवणाच्या डब्यात किंवा जुन्या पाकिटात ती सापडतातच. नाहीच मिळाली, तर तांब्याच्या तारेचा तुकडा, पितळी घुंगरू आणि लोखंडी खिळा घ्या. गंमत तेवढीच येते.

२. चुंबक लावा, घराणं कळेल

नाणं कशाचं आहे ते रंगावरून ओळखायला गेलं की फसगत होते. चुंबक लावून पाहा. १९८८ पासून आलेली स्टीलची दहा, पंचवीस आणि पन्नास पैशांची नाणी टपकन चिकटतात. १९५७ चं पंचवीस नये पैशांचं नाणंही चिकटतं, पण ते स्टीलचं नाही, निकेलचं आहे. निकेललाही चुंबक ओढतो. ॲल्युमिनियम आणि ब्राँझ ढिम्म हलत नाहीत.

आता सालाखाली बारीक नजर टाका. हिऱ्याच्या आकाराची खूण दिसली तर नाणं मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं. चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं.

३. भोक कशासाठी?

भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळातला. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची ओढाताण होती. नाण्याचा मधला भाग काढून टाकला की तेवढीच धातूची बचत! तेव्हा रुपयाचे आणे सोळा आणि पैसे चौसष्ट. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर भाग झाले आणि ब्राँझचा चिमुकला ‘नया पैसा’ जन्माला आला. १ जून १९६४ ला त्याच्या नावातला ‘नया’ गळाला. पुढच्याच वर्षी पैसा ॲल्युमिनियमचा झाला, चौकोनी आणि वजनाला फक्त पाऊण ग्रॅम. तांबं महाग होत गेलं तसा पैसा हलका होत गेला. आमच्या डब्यातली नाणी वेगवेगळ्या रंगांनी जुनी झाली, त्याचं कारण इथंच आहे. प्रत्येकाची धातू वेगळी.

४. जास्वंद सांगते, कोण कसं

वाट्या मांडण्याआधी द्रवांची जातकुळी ओळखायला हवी. परसातली लाल जास्वंद गरम पाण्यात बुडवून ठेवा. त्या पाण्यात लिंबाचा थेंब टाकला की गडद गुलाबी रंग येतो आणि सोड्याचं पाणी टाकलं की हिरवट. हळदही कामाची आहे. चुना किंवा सोडा लागला की ती लाल होते. कुंकू करण्याची जुनी रीत हीच.

आकड्यांत सांगायचं तर शुद्ध पाण्याचा पीएच ७. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. लिंबाचा रस २ ते २.५, कोला साधारण २.५, दही-ताक ४ ते ४.५ च्या आसपास आणि धुण्याच्या सोड्याचं पाणी ११ च्या घरात. एक आकडा खाली उतरला की आम्लता दहापट वाढते. म्हणजे लिंबू ताकापेक्षा ‘जरा जास्त’ आंबट नाही, जवळपास शंभरपट आंबट आहे!

५. तिन्ही आंबटांचा माग काढणारा एकच माणूस

लिंबातलं सायट्रिक आम्ल, चिंचेतलं टार्टारिक आम्ल आणि ताकातलं लॅक्टिक आम्ल. ही तिन्ही वेगळी करून दाखवणारा रसायनज्ञ एकच, स्वीडनचा कार्ल विल्हेल्म शेले. त्यानं टार्टारिक १७६९ मध्ये द्राक्षांच्या मद्याच्या पिंपात साचणाऱ्या खारातून काढलं, लॅक्टिक १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून आणि सायट्रिक १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून. कढी, आमटी आणि सरबत या तिन्हींची चव त्याच्या वहीत उतरली होती.

६. लिंबू पुढे, मीठ पाठीशी

लिंबाला आमच्याकडे तोटा नाही. आमचा श्रीगोंदा तालुका लिंबांसाठी नावाजलेला आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं काढलेलं ‘साई सरबती’ वाण जिल्ह्यातलंच. काळाकुट्ट नया पैसा आम्ही नुसत्या लिंबाच्या रसात टाकला, तेव्हा तो हळूहळू उजळू लागला. चिमूटभर मीठ टाकलं आणि पाहता पाहता नाण्यावरची काळिमा ढगासारखी विरली. मिनिटाभरात आतलं तांबूस अंग लखलखलं.

ती काळिमा म्हणजे तांबं आणि हवेतला ऑक्सिजन यांचा थर. आम्ल तो थर विरघळवतं. मिठातला क्लोराइड सुटलेल्या तांब्याला धरून ठेवतो आणि पाण्यात ओढतो. दोघं मिळून काम झपाट्यानं उरकतात. देवाची भांडी घासताना चिंचेबरोबर मीठ घ्यायचं, हे घरोघरी ठाऊक असतंच.

७. हिरवा रंग येतो तो काठावर

आठवड्यातला सगळ्यात देखणा निकाल अपघातानं हाती लागला. व्हिनेगर आणि मिठाच्या वाटीत भाचीनं एक नाणं आडवं टाकलं आणि दुसरं काठाला टेकवून तिरकं ठेवलं, अर्धं आत, अर्धं बाहेर. तिसऱ्या दिवशी आत बुडालेलं नाणं नुसतंच मंद तांबूस होतं. तिरक्या नाण्यावर मात्र तीन पट्टे उमटले होते. खाली तांबूस, वर कोरडा काळसर आणि मधोमध पाण्याच्या रेषेवर मोरपंखी हिरवा पट्टा. बोटाच्या नखानं खरवडला तर बारीक भुकटी निघत होती.

हिरवा रंग यायला तिघं लागतात. आम्ल, ओल आणि हवा. आत बुडालेल्या नाण्याला हवा पुरेशी मिळत नाही आणि वरच्या कोरड्या भागाला ओल मिळत नाही. पाण्याच्या रेषेवर मात्र तिघांची गाठ पडते. घागरीच्या काठाखाली, समईच्या सांध्यात आणि नळाच्या तोटीच्या गळ्याशी हिरवं का धरतं, याचं उत्तर त्या एका पट्ट्यात आहे. लिंबानं घासलेलं भांडं लगेच स्वच्छ पाण्यानं विसळून कोरडं का करायचं, याचंही. आम्ल पुसलं नाही तर घासून उजळलेलं भांडं दुसऱ्या दिवशी हिरवं उठतं.

८. कोलाबद्दलची अफवा

“कोलात नाणं टाकलं की रात्रीत विरघळतं” हे आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेलं. आम्ही सात दिवस ठेवलं. नाणं उजळलं, थोडं खरबरीत झालं, पण जागेवरच होतं. कोलात फॉस्फोरिक आम्ल असतं. गंज आणि काळपट थर काढायला ते चांगलं. घट्ट धातू गिळायला मात्र फार वेळ लागतो. आंबटपणात कोला आणि लिंबू शेजारी-शेजारी आहेत, फक्त कोलातली साखर आपल्या जिभेला फसवते.

९. पितळेच्या गालावर लाली

बाजारातून आणलेलं पितळी घुंगरू लिंबू-मिठात ठेवलं. चार दिवसांनी पिवळ्या घुंगरावर जागोजागी गुलाबी छटा! पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. या दोघांत जस्त आधी पाण्यात उतरतं आणि मागे उरलेलं तांबं गुलाबी दिसतं. एका मिश्रधातूतला एक भाऊ घर सोडून गेला आणि दुसरा मागे राहिला, ते असं रंगानं कळतं.

१०. ॲल्युमिनियमचा शत्रू वेगळाच

लिंबात पडलेल्या ॲल्युमिनियमच्या दहा पैशांना आठवड्यात फारसं काही झालं नाही. सोड्याच्या पाण्यात मात्र काही वेळातच नाण्याच्या अंगावर बारीक बुडबुडे धरले. भाचीनं कान लावून “आत्या, हे कुजबुजतंय!” असं जाहीर केलं. ॲल्युमिनियमवर जन्मतःच ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो. सोडा तो पापुद्रा काढतो आणि उघड्या पडलेल्या धातूशी पाण्याची क्रिया होऊन हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. म्हणूनच ॲल्युमिनियमची पातेली धुण्याच्या सोड्यानं घासली की काळी पडतात. आंबटाला जे पुरून उरतं, तेच सोड्यापुढे नमतं.

जाता जाता, जपानचं एक येनचं नाणं शुद्ध ॲल्युमिनियमचं असतं. वजन बरोबर १ ग्रॅम. अलगद ठेवलं तर ते पाण्यावर तरंगतं!

११. स्टीलचा न दिसणारा अंगरखा

गेंड्याचे चार आणे आठही वाट्यांतून जसेच्या तसे बाहेर आले. भारताच्या नाण्यांचं हे पोलाद म्हणजे ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम. क्रोमियम हवेशी मिळून अंगावर काही नॅनोमीटर जाडीचा थर चढवतं. केसाच्या जाडीशी तुलना केली तर हजारो पट पातळ. ओरखडा पडला तरी हवा लागताच तो थर पुन्हा भरून येतो. १९१३ मध्ये इंग्लंडच्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी टिकाऊ पोलाद शोधत होता, त्यातून असं न गंजणारं पोलाद हाती आलं आणि ते चमच्या-सुऱ्यांत जाऊन बसलं. लोणचं, ताक, आमटी काहीही ठेवा, आपल्या घरातल्या स्टीलच्या डब्यांची निश्चिंती या क्रोमियममुळे आहे.

१२. साखर बिचारी गरीब

साखरेच्या पाण्यातलं नाणं पहिले काही दिवस कोरड्या वाटीतल्या नाण्यासारखंच राहिलं. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे विद्युतभारित कण सुटे होतात आणि धातू खायच्या कामाला हातभार लावतात. साखर विरघळली तरी तिचे रेणू भाररहित राहतात. पण सहाव्या दिवशी ते पाणी आंबूस वास मारू लागलं आणि नाण्याच्या कडा उजळू लागल्या. साखरेनं काही केलं नाही. साखर आंबल्यावर तयार झालेल्या आम्लानं केलं!

१३. चांदीला आंबट नाही, अंडं बाधतं

राणीछाप रुपया आईनं प्रयोगाला दिला नाही, ते बरंच झालं. पण तो काळा का, हा प्रश्न उरला. रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात जवळपास ९२ टक्के चांदी. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. चांदीला गंधकाचं वावडं. उकडलेलं अंडं, कांदा, लसूण, धूर यांतलं गंधक लागलं की तिच्यावर काळा थर बसतो. पैंजण काळे पडले असतील तर एक युक्ती करा. पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल पातेल्यात पसरा, त्यावर पैंजण ठेवा, खाण्याचा सोडा टाका आणि कढत पाणी ओता. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमच्या मागे जातं आणि पैंजण न घासता उजळतात.

१४. नाण्याचा वास नाण्याचा नसतो

मूठभर चिल्लर मोजली की हाताला एक ‘धातूचा’ वास येतो. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी लोखंडाच्या अशाच वासाचा छडा लावला. धातूला स्वतःचा वास नव्हताच. आपल्या कातडीवरचं तेल आणि घाम लोखंडाशी भेटला की कातडीच्या तेलातून वास मारणारे रेणू तयार होतात आणि तेच नाकाला लागतात. म्हणजे धातूच्या नावानं आपण आपल्याच हाताचा वास घेत असतो! बाजारात दिवसभर फिरणारं नाणं हजार हातांच्या घामात न्हातं. घामात मीठही आहे आणि आम्लही. आमच्या नऊ वाट्यांच्या जोडीला ही दहावी, रोजची.

१५. लिंबात वीज

लिंबाला तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा टोचा. दोन टोकांमध्ये जवळपास एक व्होल्टचा दाब तयार होतो. चार-पाच लिंबं एकामागे एक जोडली की एलईडीचा बारीक दिवा मिणमिणतो. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टानं १८०० मध्ये चांदी आणि जस्ताच्या चकत्यांमध्ये खाऱ्या पाण्यात भिजवलेलं कापड ठेवून पहिली बॅटरी केली. त्याच्या चकत्यांची चळत नाण्यांच्या चळतीसारखीच होती.

हीच वीज घातकही ठरते. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ चा. बाहेरून जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचं तांबं, आत लोखंडी सांगाडा. तांबं हिरवं झालं आणि त्या हिरव्या थरानंच ते वाचलं. तांब्याला टेकलेलं लोखंड मात्र दमट खाऱ्या हवेत झिजत गेलं आणि शंभरीच्या आधी सांगाड्याच्या पट्ट्या बदलाव्या लागल्या.

१६. आपल्या जिल्ह्याची मोठी तांबडी

विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफ ओतली गेली ती इथं, निजामशाहीच्या अहमदनगरात, १५४९ मध्ये. तांबं-कथलाची, सुमारे ५५ टनांची. पावणेपाचशे पावसाळे तिनं अंगावर झेलले. त्याहून जुनं वैभव श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादचं. १९७४ मध्ये तिथं एका शेतकऱ्याला जमिनीत चार धातूशिल्पं सापडली. बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, मिळून ६० किलोंहून जास्त. हजारो वर्षं मातीत राहूनही ती ओळखू येतात, कारण तांब्यावरचा हिरवट-काळपट थर एकदा घट्ट बसला की आतल्या धातूची राखण करतो.

म्हणून एक कळकळीची विनंती. शेतात नांगरताना शिवराई सापडली, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं दिसली, तर तिला लिंबू-मीठ लावू नका. तो थर काढला की अक्षरांच्या कडाही जातात. नाण्यांचा अभ्यास समजून घ्यायचा असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची, असा १८७८ चा कायदा आहे.

१७. भीमेत टाकलेला रुपया

दौंड सोडून गाडी भीमेच्या पुलावर आली की अजूनही काही हात खिडकीतून नाणं टाकतात. तांब्याचं नाणं पाणी शुद्ध करतं, असं त्याचं कारण सांगितलं जातं. तांबं जंतू मारतं, हे खरंच आहे. बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, की तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यात जुलाबाचे जंतू उरत नाहीत. पण त्यासाठी पाण्याला तांब्याचा चहूबाजूंनी आणि तासन्‌तास सहवास लागतो. वाहत्या नदीत तो मिळत नाही. शिवाय आजचा रुपया स्टीलचा, तो पाण्याला काहीच देत नाही. श्रद्धेनं हात जोडा, रुपया मात्र गल्ल्यात टाका.

१८. ‘गंजलं’ आणि ‘कळकलं’

आता आईच्या शब्दाकडे येऊ. लोखंडाला आपण म्हणतो ‘गंजलं’. चांदीला म्हणतो ‘काळवंडली’. ही दोन्ही क्रियापदं धातूकडे बघतात. तांब्या-पितळेच्या बाबतीत मात्र म्हणतो, “ताक कळकलं”, “आमटी कळकली”. पातेल्याला काय झालं, ते त्या वाक्यात नाहीच. वाक्य बघतं पदार्थाकडे. कारण पातेलं तर दिसायला उलट स्वच्छ झालेलं असतं! त्याचं तांबं ताकात उतरलेलं असतं, ताकाला हिरवट झाक आणि तोंड आवळणारी कडवट चव आलेली असते, ते पोटात गेलं तर मळमळ आणि ओकाऱ्या होतात. आमच्या पूर्वीच्या बायांनी ही नजर शब्दात बांधून ठेवली. धातू गेली कुठे, ते बघा.

उपायही त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळला, तो कल्हईचा. कल्हईवाला दारात भट्टी मांडायचा, भाता चालवायचा, पातेलं चांगलं तापलं की नवसागराची पूड टाकायचा. पांढऱ्या धुराचा लोट उठायचा. नवसागर पितळेवरचा थर साफ करायचा. मग कथलाची कांडी टेकवली की ती लोण्यासारखी वितळायची, कारण कथील २३२ अंशांनाच पातळ होतं. कापसाच्या बोळ्यानं ते आतून फिरवायचं आणि पातेलं पाण्यात बुडवायचं. चर्र! आत चंदेरी. सौम्य आंबटाला कथील दाद देत नाही आणि अन्न व पितळ यांच्यात ते भिंत होऊन उभं राहतं.

तांब्याच्या घागरीत पाणी चालतं, ताक चालत नाही, याचंही कोडं इथंच सुटतं. साध्या पाण्यात तांबं कणाकणानं उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालतं, असं जागतिक आरोग्य संघटना मानते. आंबटात ही मर्यादा फार लवकर ओलांडली जाते. लिंबूपाणी तांब्याच्या भांड्यात कधीही ठेवू नका.

१९. खिळा बोलतो, विळा बोलतो

सातव्या दिवशी भाचीचा शेवटचा प्रश्न आला. “तांबं पाण्यात गेलं म्हणतेस. दाखव ना मग!”

लिंबू-मिठाच्या वाटीत आम्ही तोवर डझनभर जुनी नाणी आणि तारेचे तुकडे ठेवले होते. ती बाहेर काढली. पाणी नुसतंच फिकट हिरवट होतं. त्यात पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा टाकला आणि झाकून ठेवला. दुपारी उघडला, तेव्हा पाण्यात बुडालेला खिळ्याचा भाग तांबूस झाला होता! नाण्यातून गेलेलं तांबं खिळ्यावर येऊन बसलं होतं. लोखंड पाण्यात उतरतं आणि आपल्या जागी तांब्याला बसवतं, असा हा अदलाबदलीचा व्यवहार.

दादा चहा पीत उभा होता. तो म्हणाला, “हे तर आम्ही बोर्डोला करतो.”

खरंच की! लिंबाच्या झाडाला डिंक्या होऊ नये म्हणून खोडाला बोर्डो पेस्ट लावतात आणि पानांवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. चुना कमी पडला तर मोकळं तांबं पानं जाळतं. म्हणून फवारण्याआधी चकचकीत विळ्याचं पातं मिश्रणात बुडवायचं. पात्यावर तांबूस झाक आली की चुना वाढवायचा. मिश्रण लोखंडी भांड्यात करायचं नाही, तेही याच कारणानं. फ्रान्सच्या बोर्दो भागात मिलार्दे या शास्त्रज्ञानं हे औषध १८८५ मध्ये जगापुढे मांडलं. चोरांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना मारलेला असायचा आणि नेमक्या त्याच वेली रोगातून वाचलेल्या त्यानं पाहिल्या होत्या.

म्हणजे आईचं पातेलं, दादाचा विळा आणि भाचीचा खिळा, तिघं एकच गोष्ट सांगत होते.

घरी करून पाहा

• बाद झालेली दहा-बारा नाणी, काचेच्या वाट्या, लिंबू, मीठ, ताक, व्हिनेगर, धुण्याचा सोडा. एक वाटी कोरडी ठेवायला विसरू नका.

• प्रत्येक वाटीत सारखंच नाणं आणि सारख्याच मापाचा द्रव, मोजून चार चमचे. एक नाणं तिरकं ठेवा.

• रोज एकाच वेळी नाण्याचा आणि पाण्याचा रंग, बुडबुडे, वास लिहून ठेवा.

• सोड्याच्या पाण्याशी काम करताना मोठं माणूस जवळ हवं. ते डोळ्यांत जाऊ देऊ नका.

• संडास साफ करायचं आम्ल आणि ब्लीच या प्रयोगात आणायचंच नाही. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो.

• वाटीतला द्रव चाखायचा नाही, त्या वाट्या पुन्हा जेवणाला घ्यायच्या नाहीत. हात साबणानं धुवा आणि नाणी लहान बाळापासून लांब ठेवा.

आठव्या दिवशी ओटा आवरला. भाचीनं वहीत प्रत्येक वाटीपुढे दोन रकाने आखले होते. पहिल्यावर लिहिलं होतं ‘नाण्याला काय झालं’, दुसऱ्यावर ‘पाण्याला काय झालं’. दुसरा रकाना मी सांगितला नव्हता. तो तिला तिच्या आजीच्या एका शब्दानं सुचवला होता.